भिंगरीची आठवण शेवटच्या आठवड्यात अडकली असेल तर

मानेवाड्याच्या एका ताईंचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते. अकरा वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात त्यांना घराजवळच्या नालीत मांजरीचं पिल्लू सापडलं. डोळे नुकते उघडलेले, भिजून गार पडलेलं. ड्रॉपरने पाजून त्यांनी ते जगवलं. तीन रंगांची ही भिंगरी घरातलीच एक होऊन वाढली. यंदाच्या उन्हाळ्यात तिची किडनी निकामी झाल्याचं कळलं. आठवडाभर सलाईन चाललं, खाणं सुटलं, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने इंजेक्शन देऊन तिला सोडवावं लागलं. भावाच्या काटोलजवळच्या वावरात, संत्र्याच्या झाडाखाली तिला पुरलं. याला आता महिना झाला. ताई विचारतात, "फोटो उघडले की मला दवाखान्याच्या टेबलावरचीच भिंगरी दिसते. तिचे डोळे उघडे होते, माझ्याकडे बघत होती. मी घाई केली का? घरचे म्हणतात, मांजरच तर होतं, अशीच तीन रंगांची दुसरी आणू. नऊ वर्षांचा मुलगा सारखं विचारतो. आमचा बोका ढब्बू रात्री ओरडत घरभर फिरतो. तिची आठवण नीट जपायची तर काय करू?"

ताई, मी नागपुरातच कुत्र्या-मांजरांची डॉक्टर आहे, गेली पंचवीसेक वर्षं. तुमचा प्रश्न आठवण जपण्याचा आहे, पण वाचताना मला दुसरंच जाणवलं. तुमच्याकडे अकरा वर्षांची एक भिंगरी आहे आणि आठ दिवसांची एक. ही आठ दिवसांची भिंगरी अकरा वर्षांच्या भिंगरीला पुढे येऊच देत नाहीये. फोटोची फ्रेम, झाड, समईजवळचं फूल, काहीही केलं तरी तुमची नजर त्या टेबलावरच जाणार. म्हणून मी आधी त्या टेबलाबद्दल बोलते, मग आठवणीबद्दल.

एक गोष्ट सुरुवातीलाच. भिंगरीचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत. आजार कुठल्या टप्प्यावर होता, रक्त किती कमी झालं होतं, तोंडात फोड आले होते का, हे तुमच्या डॉक्टरांना माहीत. त्यांनी मांजरीला हात लावून तपासलं, मी नाही. तरी तुम्ही जेवढं लिहिलं आहे त्यावरून काही गोष्टी मी खात्रीने सांगू शकते.

पहिला सल तुम्ही थेट लिहिलेला नाही, पण ओळींमधून दिसतो: आधी कसं लक्षात आलं नाही? मांजर ही मुळात कोरड्या मुलखातल्या रानमांजराची वंशज. थोडक्या पाण्यावर जगायचं आणि लघवी घट्ट करून पाणी वाचवायचं, अशी तिच्या मूत्रपिंडांची घडण आहे. या मूत्रपिंडांत क्षमता इतकी जादा असते की साधारण दोन तृतीयांश काम बंद पडेपर्यंत मांजर नेहमीसारखंच वावरतं. नेहमीच्या रक्त तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायची घाण, वाढलेलं दिसतं तोवर जवळपास तीन चतुर्थांश क्षमता गेलेली असते. बाहेरून दिसणारं पहिलं लक्षण म्हणजे पाणी जास्त पिणं आणि लघवी जास्त होणं. आता मला सांगा, मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास असताना, कूलरसमोर पडलेली मांजर दोनदा जास्त पाणी प्यायली तर कुणाला खटकेल? वजन उतरणं हे दुसरं लक्षण. ते केसांखाली लपतं, आणि उन्हाळ्यात मांजरं तशीही कमी खातात. शिवाय दुखणं लपवणं हा मांजराचा स्वभावच. एकटी शिकार करणारा आणि स्वतःही कुणाची तरी शिकार होऊ शकणारा हा प्राणी अशक्तपणा दाखवत नाही. तुमच्या डोळ्यांदेखत आजार वाढला आणि तुम्हाला दिसला नाही, हे खरं आहे. पण तो दिसण्यासारखा नव्हता.

(हे वाचणाऱ्या, घरी म्हातारं मांजर असलेल्या इतरांसाठी: सात-आठ वर्षांनंतर वर्षातून एकदा रक्त आणि लघवी तपासून घ्या, आणि महिन्यातून एकदा वजन करा. आधी आपलं एकट्याचं वजन, मग मांजराला कडेवर घेऊन वजन, आणि वजाबाकी. काटा मात्र शंभर ग्रॅमचा फरक दाखवणारा हवा. चार किलोच्या मांजराचं अर्धा किलो वजन उतरणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं साडेसात किलो उतरणं.)

दुसरा सल: सलाईन लावूनही का वाचली नाही? मूत्रपिंडातल्या गाळण्या एकदा गेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. सलाईनने रक्तातली घाण पातळ होते, मळमळ कमी होते, उरलेल्या गाळण्यांना जरा हात मिळतो. आजार लवकरच्या टप्प्यावर सापडला तर आहार बदलून, फॉस्फरस आटोक्यात ठेवून, घरी कातडीखालून सलाईन देऊन मांजरं कित्येक महिने, काही तर वर्षानुवर्षं बरी राहतात. पण आठवडाभर सलाईन देऊनही मांजराने तोंड वळवलं, तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो: सलाईनने ज्यांना हात द्यायचा त्या गाळण्याच फारशा उरलेल्या नाहीत. तुम्ही मुंबईला नेलं असतं तरी हे बदललं नसतं.

आता घाईचं. हा निर्णय डोळ्यांतल्या पाण्यावर घ्यायचा नसतो, म्हणून मी घरच्यांना कागद-पेन देते. अॅलिस विलालोबोस या अमेरिकी पशुवैद्यांनी यासाठी एक साधी मोजपट्टी केली आहे. सात गोष्टी बघायच्या: वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला ० ते १० गुण. बेरीज ३५ च्या वर असेल तर सेवा चालू ठेवण्यात अर्थ आहे. खाली घसरत असेल तर प्राणी आपल्यासाठी तग धरून आहे, स्वतःसाठी नाही. ताई, ही पट्टी आज घ्या आणि भिंगरीच्या शेवटच्या दोन दिवसांवर लावा. तुम्ही लिहिलं आहे की ती वाटीकडे बघत नव्हती, अंग चाटणं तिने सोडलं होतं, आणि मोरीच्या कोपऱ्यात जाऊन बसत होती. मांजराने अंग चाटणं सोडलं की मी फार गंभीरपणे घेते. ज्या मांजराला स्वतःला स्वच्छ ठेवण्याचंही बळ उरत नाही, ते आतून फार थकलेलं असतं. इंजेक्शन दिलं नसतं तर पुढे उलट्या, तोंडातल्या जखमा, कदाचित झटके, आणि मग बेशुद्धी, असा क्रम असतो. तो कधी दोन दिवस चालतो, कधी सहा. तुम्ही तिचं आयुष्य कमी केलं नाही. तिच्यापुढचे ते दिवस तेवढे कमी केले. माझ्या अनुभवात घाई करणारी माणसं फार थोडी. उशीर करणारी पुष्कळ, आणि तीही मायेपोटीच करतात.

आणि ते उघडे डोळे. हे कुणीतरी तुम्हाला तिथेच सांगायला हवं होतं. मी प्रत्येक घराला आधीच सांगते, कारण हेच दृश्य लोकांच्या मनात सगळ्यात खोल रुततं. आधी गुंगीचं औषध देतात. मग शिरेतून भूल देणाऱ्या औषधाचाच मोठा डोस. मेंदू सगळ्यात आधी झोपतो, काही सेकंदांतच. श्वास त्यानंतर थांबतो, हृदय त्याच्याही नंतर. पापणी मिटायला स्नायूला काम करावं लागतं. सगळे स्नायू सैल पडल्यावर ती मिटत नाही, म्हणून प्राण्यांचे डोळे मृत्यूनंतर उघडेच राहतात. एखादा खोल उसासा येतो, मिशा थरथरतात, लघवी होते. हे सगळं शरीराचं असतं, जाणिवेचं नाही. भिंगरीचे डोळे तुमच्या दिशेला होते. पण त्या क्षणी ती तुमच्याकडे बघत नव्हती, तुम्हाला काही विचारत नव्हती. तिला जे शेवटचं जाणवलं असेल ते गुंगी चढण्याच्या आधीचं, म्हणजे तुमचा हात आणि तुमचा वास.

म्हणजे इथवर तीन गोष्टी झाल्या. आजार लपलेला होता, उपचार उशिरा नव्हे तर आजारच पुढे गेलेला होता, आणि शेवट वेदनेविना झाला. या तीन गोष्टी जमलं तर आपल्या अक्षरात एका कागदावर लिहून ठेवा. रात्री दोन वाजता मन उलटतपासणी सुरू करतं, तेव्हा बुद्धीला काही आठवत नाही. लिहिलेला कागद तेव्हा कामाला येतो.

"मांजरच तर होतं" म्हणणाऱ्यांवर मी रागावणार नाही, पण त्यांचं ऐकूही नका. केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ साली अशा दुःखाची मांडणी केली, ज्याला समाज दुःख मानतच नाही: सुट्टी नाही, भेटायला कुणी येत नाही, रडलं तर लोक बावरतात. असं दुःख हलकं नसतं. उलट ते एकट्याने वाहायचं असतं म्हणून जड होतं. आपल्या विदर्भात तर हे कुणाला समजावून सांगायची गरज पडू नये. इथे पोळ्याला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून त्याची माफी मागतात, म्हातारा बैल गेला की वावरातच पुरतात, आणि त्याची तेरवी केलेली घरंही आहेत. बैलाने शेत नांगरलं म्हणून तो मान, असं कुणी म्हणेल. पण म्हातारा झालेला, काही वर्षं नुसता दावणीला बसून असलेला बैल गेल्यावरही शेतकरी रडतोच. आणि मांजराचं म्हणाल, तर सायप्रस बेटावर माणसाच्या कबरीशेजारी मुद्दाम पुरलेलं एक मांजर उत्खननात सापडलं. २००४ साली ते जगापुढे आलं. ते साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं आहे. भावाच्या वावरात जाऊन तुम्ही जे केलं ते माणूस इतकी वर्षं करत आला आहे.

आता आठवणीबद्दल.

सगळ्यात आधी तुमच्या दवाखान्यात जाऊन भिंगरीची फाईल मागा. लसीचं कार्ड, ऑपरेशनची नोंद, रिपोर्ट, आणि दर भेटीला केलेलं वजन. दवाखाने जुने कागद फार काळ ठेवत नाहीत, म्हणून हे पुढे ढकलू नका. माझ्याकडे एखादं म्हातारं मांजर जातं तेव्हा मी घरच्यांना त्याच्या वजनांची यादी लिहून देते. लोकांना सुरुवातीला हे विचित्र वाटतं. पण तुम्हीच विचार करा. डोळे नुकते उघडलेलं पिल्लू म्हणजे आठ-दहा दिवसांचं, दोन-अडीचशे ग्रॅमचं. म्हणजे एका मोठ्या संत्र्याच्या वजनाचं. त्या पहिल्या आकड्यापासून किलो, दोन किलो, मग चार किलो, वर्षानुवर्षं तीच पातळी, आणि अगदी शेवटी उतरण. कागदावर ही रेघ पाहिली की शेवटची उतरण केवढीशी आहे ते डोळ्यांना दिसतं. मनाला जे पटवता येत नाही ते आकडे शांतपणे दाखवतात.

मग लिहा. कविता नको, श्रद्धांजली नको. आधी वाचवल्याची हकिगत लिहा, कारण ती फक्त तुम्हाला माहीत आहे. कुठली नाली, पाऊस किती होता, आवाज आधी कुणी ऐकला, हात कुणी घातला, कशात गुंडाळलं, पहिली रात्र कशी काढली. इतक्या लहान पिल्लाला दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं, ऊब द्यावी लागते, ओल्या कापसाने पुसून शी-शू सुद्धा करवून घ्यावी लागते, कारण ते त्याचं त्याला जमत नाही. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब आणि मग दूध, हा क्रम चुकला तर पिल्लू दगावतं. नालीत सापडलेली अशी पिल्लं सगळीच जगत नाहीत, बरीच पहिल्या आठवड्यातच जातात. तुमचं जगलं. तुमच्या जागरणांनी जगलं. तुम्ही मला विचारता, मी तिचा जीव घ्यायची घाई केली का. त्या वहीच्या पहिल्या पानावर तिचा जीव कुणी वाचवला ते लिहिलेलं असू द्या.

त्यानंतर तिच्या सवयी. कशा लिहायच्या ते सांगते, कारण इथे बहुतेक जण "फार प्रेमळ होती" असं लिहून थांबतात, आणि पाच वर्षांनी त्या वाक्यातून काहीच हाती लागत नाही. बारीक लिहा. कुठल्या आवाजाला धावत यायची? दुपारी उन्हाचा पट्टा सरकतो तशी कुठून कुठे सरकायची? कूलरच्या पाण्यात पंजा बुडवून चाटायची का? मुलगा अभ्यासाला बसला की नेमकी वहीवर बसायची का? पाहुण्यांपैकी कुणाचा तिला राग होता? घरातल्या प्रत्येकाने तिला काय नाव पाडलं होतं? ढब्बू घरात आला तेव्हा पहिल्यांदा फिस्कारली ती कधी निवळली? घरच्या प्रत्येकाला विचारा. "मांजरच तर होतं" म्हणणाऱ्यांनाही विचारा. अशा माणसांकडूनच एखादी गोष्ट निघते जी तुम्हाला माहीतच नसते, की तुम्ही माहेरी गेलात तेव्हा ती रात्री त्यांच्या पायाशी येऊन झोपायची वगैरे. असं पुष्कळ घरांत पाहिलं आहे मी. सांगताना त्यांचाही आवाज जड होतो, आणि मग घरातलं ते वाक्य आपोआप बंद होतं.

फोटो आज बघवत नाहीत, तर बघू नका. पण सुरक्षित आजच करा. भावाला किंवा मैत्रिणीला सांगा की फोनमधले, नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅपवरचे सगळे फोटो-व्हिडिओ एका पेनड्राइव्हवर आणि आणखी एका जागी उतरवून ठेव. व्हिडिओ विशेष जपा. चेहरा आठवत राहतो, आवाज लवकर पुसट होतो. शेवटच्या आठवड्याचे फोटो त्यांना वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायला सांगा. काढून टाकायचे नाहीत, फक्त अल्बम उघडला की तेच आधी समोर येऊ नयेत. एक फोटो मोठा करून भिंतीवर लावणार असाल तर पश्चिमेच्या उन्हाची भिंत टाळा. आपल्याकडच्या उन्हात रंग दोन उन्हाळ्यांत उडतात.

तिच्या फणीत, उशीवर, स्वेटरवर केस सापडतील. एखादी गळलेली मिशीही. ठेवायचे असतील तर पूर्ण कोरडे करून छोट्या काचेच्या बरणीत, औषधांच्या डब्यात येते ती ओल शोषणारी पुडी टाकून घट्ट बंद करा. उघड्या कागदात ठेवले तर पावसाळ्यात बुरशी नाहीतर कसर लागते. बाकी सामानाबाबत घाई नको. वाट्या, पेटी, चादर यांतलं काय ठेवायचं आणि काय द्यायचं हे ज्याच्या त्याच्या मनावर आहे. उरलेली औषधं आणि सलाईनच्या बाटल्या मात्र घरात ठेवू नका. त्या रोज दिसत राहिल्या की मन पुन्हा त्याच आठवड्यात जातं. न उघडलेलं, मुदतीतलं असेल ते दवाखान्यात विचारून देऊन टाका.

वावरातल्या जागेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगणं भाग आहे. काटोलकडची जमीन काळी असेल तर ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या दमदार पावसात बसते. तुम्ही जाल तेव्हा ती जागा खचलेली दिसेल. घाबरू नका, कुणी उकरलेलं नसतं. वरून माती भरा आणि सपाट, जड दगड ठेवा. दगड हवाच, कारण तिच्या शरीरात औषधाचा अंश आहे. कुत्र्याने किंवा कोल्ह्याने उकरून खाल्लं तर त्यालाही ते बाधतं. खड्डा तीन फुटांहून उथळ असेल तर भावाला वर आणखी माती चढवायला सांगा. आणि ती माती संत्र्याच्या बुडाशी चढू देऊ नका. खोडाला माती लागून ओल राहिली की संत्र्याला डिंक्या हा रोग लागतो, हे भावाला माहीत असेलच. खूण म्हणून थोडं अंतर सोडून मोगरा लावा, किंवा पारिजातक. दोन्ही आपल्या हवेत तगतात.

तेरवी, पितृपक्षातलं पान, दिवा, याबद्दलही लोक मला विचारतात. हा माझा प्रांत नाही. तुमच्या घराला ज्यातून बरं वाटत असेल ते करा. ज्यांना यातलं काही करायचं नसतं, त्यांना मी एक काम सुचवते: वस्तीतल्या एका भाटीचं, म्हणजे मादी मांजरीचं, नसबंदीचं ऑपरेशन भिंगरीच्या नावाने करून द्या. मांजर चार-पाच महिन्यांची असतानाही गाभण राहू शकते, साधारण नऊ आठवड्यांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे एका भाटीचं ऑपरेशन केलं की पुढच्या पावसाळ्यांत नालीत वाहून जाणारी कितीतरी पिल्लं जन्मालाच येत नाहीत. भिंगरी ज्या पाण्यातून वर आली, त्या पाण्याशी याचा थेट संबंध आहे, म्हणून मला हे स्मारक सगळ्यात पटतं. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात जाऊन चौकशी करा. हे महाविद्यालय १९५८ पासून आहे, आणि तिथे शिकणारी मुलं मांजरांना फार मायेने हाताळतात.

मुलाला काय सांगायचं? खरं सांगा. नऊ वर्षांच्या मुलाला मृत्यू म्हणजे परत न येणं, हे कळतं. "डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन झोपवलं" हे वाक्य मोठ्यांच्या तोंडी सहज येतं, पण मुलं ते शब्दशः घेतात. मग झोपायला घाबरतात, नाहीतर शाळेत लस टोचायला आले की रडून गोंधळ घालतात. "तिची किडनी खराब झाली होती, ती बरी होणार नव्हती, तिला फार त्रास होत होता, म्हणून तो त्रास थांबवणारं औषध दिलं आणि ती मेली. माणसांना लस देतात ते औषध वेगळं." एवढं पुरे. तुम्ही त्याच्यासमोर रडलात तर बिघडत नाही. वहीतली चित्रं त्याला काढू द्या.

ढब्बूचं जरा काळजीने बघा. तो तिला शोधतो आहे. तिच्या जागा हुंगणं, रात्री ओरडणं, तुमच्या पायात येणं, हे काही आठवडे चालतं आणि हळूहळू ओसरतं. त्याचं खाणं, खेळणं ठरल्या वेळीच ठेवा. तिची चादर लगेच धुऊ नका, त्याला त्यावर झोपायचं असेल तर झोपू द्या. ओरडला की प्रत्येक वेळी खाऊ देऊ नका, नाहीतर ओरडणं पक्कं होतं. मात्र त्याने पूर्ण दोन दिवस काहीच खाल्लं नाही, तर दुःखात आहे म्हणून थांबू नका. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते, अंगाने भरलेल्या बोक्यांत तर लवकर, आणि तो आजार जीवावर बेततो. आणि बोका लघवीला वारंवार बसतो, ओरडतो, पण थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. ताणाखाली असलेल्या बोक्यांची लघवी अडते. ती तातडीची गोष्ट आहे.

तुमच्याबद्दलही एक शब्द. महिना हा फार थोडा काळ आहे. रडू येणं, दारात ती उभी आहे असा भास होणं, हे सगळं अपेक्षित आहे. पण झोप आणि जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलेलं असेल, कामात काही केल्या लक्ष लागत नसेल, किंवा जगण्यातच अर्थ नाही असे विचार येत असतील, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो निःशुल्क आहे, आणि मराठीत बोलता येतं. मांजरासाठी फोन केला म्हणून तिथे कुणी हसणार नाही.

राहिला प्रश्न "अशीच तीन रंगांची" आणण्याचा. अशी मिळणार नाही, आणि हे मी भावनेने म्हणत नाही. मांजराचा काळा आणि नारिंगी रंग ज्या जनुकावर ठरतो ते एक्स गुणसूत्रावर असतं. मादीत एक्स दोन असतात, आणि ती गर्भात असतानाच तिच्या प्रत्येक पेशीत त्यातलं एक बंद पडतं. कुठल्या पेशीत कुठलं बंद पडेल याला काही नियम नाही. त्यातून ते ठिपके उमटतात, आणि म्हणूनच तिरंगी मांजरं जवळजवळ सगळी माद्याच असतात. २००१ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये अशाच एका तिरंगी मांजरीच्या पेशीपासून जगातलं पहिलं क्लोन केलेलं मांजर जन्माला आलं. जनुकं तीच, तरी पिल्लू त्या मूळ मांजरीसारखं दिसेना. त्याच्या अंगावर नारिंगी रंगच नव्हता. प्रयोगशाळेत जे जमलं नाही ते बाजारातून कसं आणणार?

दुसरं मांजर आणायचंच नाही, असं मात्र मी म्हणत नाही. ते कधी आणायचं हे घरावर आणि ढब्बूवर अवलंबून आहे. काहींना सहा महिने लागतात, काहींच्या दारात पंधरा दिवसांत पिल्लू येऊन बसतं. आणलं तर भिंगरीहून वेगळ्या रंगाचं असलं तरी बरं, आणि नाव वेगळं ठेवा. तिचं नाव दिलं की प्रत्येक खोडीला तुलना होते, आणि ते त्या पिल्लावर अन्याय करणारं आहे. भिंगरीचा आजार संसर्गाचा नव्हता, त्यामुळे घरात त्याची भीती नाही. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या संसर्गजन्य आजाराने गेली असती, तर मी वेगळं सांगितलं असतं, कारण तो विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो. रस्त्यावरचं पिल्लू आणलं तर पहिले दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. लस आठव्या आठवड्यापासून सुरू होते आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यावी लागते. त्याआधी ढब्बूची लस पूर्ण हवी. तेव्हा भिंगरीची फाईल मागायला जाल, त्याच फेरीत ढब्बूचं कार्डही घेऊन जा आणि त्याची पुढची तारीख लिहून आणा.